भारंगीचं पहिलं ताट

माझा नवरा पहाटे उठतो, आंघोळ करतो, भांग पाडतो, मला झोपलेली समजून दार हळूच ओढून घेतो आणि स्कूटर काढतो. कुठे जातो ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. भाजीबाजारात. एखाद्या बाईकडे जात असता तर मी चार माणसं गोळा केली असती, भांडले असते, पिशवी भरून माहेरी गेले असते. मेथीच्या जुडीशी भांडायचं कसं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्याचं कोल्हापुरात हॉटेल आहे, लहानसंच. बाहेरचा माणूस कोल्हापूर म्हटलं की मटण म्हणतो, म्हणून तांबडा-पांढरा तो करतो. नाहीतर उंबऱ्यात कोणी पाऊल ठेवणार नाही. पण त्याचा जीव आहे भाजीत. "मटण काय, कुणीबी करतंय," असं गल्ल्यावर बसून मोठ्या आवाजात म्हणतो. "दोडका करून दाखवा म्हणावं." गिऱ्हाईक मटणाचं ताट मागतं आणि हा त्याच्या पुढ्यात आधी वाटीभर दोडका ठेवतो. लोक हसतात, आणि मग दोडक्याची दुसरी वाटी मागतात. तो चांगला आचारी आहे. हे लिहितानाही मला थोडं जड जातंय, पण आहे.

लग्नानंतर सुरुवातीला एकदा हौसेनं मी त्याच्याबरोबर बाजारात गेले होते. त्यानं एक वांगं उचललं. फिरवून बघितलं, देठ बघितला, टोपीखाली अंगठ्यानं हळू दाबलं, नाकाला लावलं आणि डोळे मिटले. मी तिथं पिशवी धरून उभी. मला बघायला आला होता तेव्हा हा माणूस पोह्यांच्या बशीत मान घालून बसला होता. मुलीला काय विचारायचं ते विचारा, असं माझे वडील म्हणाले तेव्हा त्यानं मान वर केली आणि विचारलं, "ह्यातलं मटार कुठनं आणलं?"

हॉटेलात त्याचा एक रिवाज आहे. ज्याच्या रानातला माल, त्याचं पहिलं ताट. शिरोळचा माणूस कृष्णाकाठची वांगी घेऊन आला की ती वांगी शिजेपर्यंत त्याला जाऊ देत नाही. गिऱ्हाइकांच्या आधी त्याला दाराजवळच्या टेबलावर बसवतो, स्वतःच्या हातानं वाढतो आणि तो पहिला घास खाईपर्यंत समोर उभा राहतो. "कशी झाल्या?" म्हणून विचारतो. मुरगूडकडची एक म्हातारी घेवडा घेऊन येते. तिलाही असंच बसवतो. ती लाजून पदरानं तोंड पुसते आणि हा तिच्या तोंडाकडे असा बघत असतो की जणू परीक्षेचा निकाल लागणार आहे. त्या टेबलावर मी आजवर कैक माणसं जेवताना बघितली. मी कधी बसले नव्हते. मला कशाला बसवेल? माझं कुठं रान आहे!

घरी मात्र दुसरा रिवाज. दुपारची गिऱ्हाइकं ओसरली की तो घरी जेवायला येतो. मी शिवणाचं मशीन बाजूला सारून ताट वाढते. तो भात घेतो, त्यावर ताटातलं सगळं ओततो, वर दही घालतो, कालवतो आणि मोबाइलकडे बघत खातो. नवी नवरी असताना मी विचारायची, भाजी कशी झाली? तो म्हणायचा, "बोलू नको, जेवू दे. दिवसभर चवच बघायलोय. घरात तरी पोट भरू दे." मग मी विचारायचं सोडलं. पण सोडलं म्हणजे विसरले असं नाही.

माझं माहेर गगनबावड्याच्या बाजूला. तिथं पावसाळा आला की बाजाराला कोणी जात नाही, रानात जातात. कुर्डू, टाकळा, आळू आणि भारंगी. भारंगी कडू असते. पानं चिरून उकडायची, पाणी फेकायचं, घट्ट पिळायची, परत उकडायची, परत पिळायची. कडूपणा सगळा घालवायचा नाही, जिभेला आठवण राहील इतका ठेवायचा. मग भिजवलेले पावटे, लसूण, मिरची, ओलं खोबरं आणि शेवटी भाजलेल्या कारळ्याची पूड. ही माझ्या आईची भारंगी. आई आता नाही. दर पावसाळ्यात भाऊ एस.टी.च्या ड्रायव्हरकडे पाल्याचं गाठोडं देतो, मी स्टँडवरून आणते, करते आणि नवऱ्याला वाढते. तो दहीभातात कालवतो आणि खातो.

वहिनी, म्हणजे माझ्या भावाची बायको, शिरोळकडची. उसाचा मुलूख. तिला रान म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी माहेरी गेले होते, तेव्हा टोपलीतली भारंगी बघून ती म्हणाली, "वन्सं, ह्यो म्हशीचा पाला आत कशाला आणलाय वो?" आई कपाळाला हात लावून बसली आणि मला म्हणाली, "तूच शिकीव हिला, माझ्यानं न्हाई व्हायचं." मी शिकवलं. पिळताना मनगट कसं वळवायचं तेसुद्धा. तेव्हा मला वाटलं मी पुण्याचं काम करतेय.

नवरा माझ्या माहेरी फक्त लग्नकार्याला यायचा. "तिकडं पाऊस लई," म्हणायचा. गेल्या पावसाळ्यात मात्र कुणा गिऱ्हाइकानं गगनबावड्याकडच्या रानभाज्यांचं वर्णन केलं आणि हा दुसऱ्या दिवशी पाऊस-बिऊस न बघता एस.टी.त बसला. संध्याकाळी आला तो चिंब भिजलेला, खांद्यावर ओलं पोतं. चपला काढायच्या आधी दारातूनच ओरडला, "अगं, तुझ्या वहिनीच्या हाताला काय चव हाय गं! असली भाजी मी जन्मात खाल्ली न्हवती."

माझं मशीन थांबलं. "कसली भाजी?"

"भारंगी म्हणत्यात. तुला ठाऊक हाय का?"

मला! मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मला ठाऊक आहे का! इतके पावसाळे तो काय खात होता, म्हशीचा पाला? माझ्या जिभेवर पाच-पन्नास उत्तरं आली. एकही दिलं नाही. मी उठून टॉवेल दिला आणि म्हणाले, "डोकं पुसा."

त्यानंतर आमच्या घरात वहिनी राहायला आली म्हणा की, येण्याआधीच. ताटावर बसला की वहिनी. "वहिनी पानं कोवळी खुडत्यात." "वहिनी चुलीवर करत्यात, त्याचा गुण." भावाच्या फोनवर फोन लावून तिच्याशी बोलायचा, "कुर्डू आली का वो? आळू तयार झालं?" मला हॉटेलातून त्याचा फोन येतो तो गॅसचा नंबर लाव म्हणून. मी काजं करत ऐकत बसायची आणि दात-ओठ खायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. अहो, इथं तर पिकतं तिथं दिसतसुद्धा नाही.

एका दुपारी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. बघू तरी, म्हटलं. वांगं हुंगून कुठल्या काठचं ते सांगणारा माणूस आमटी ओरपून उठला, हात धुतला, ढेकर दिली आणि गेला. मी एकटी बसून ती आळणी आमटी खाल्ली. त्या दिवशी मी पदर तोंडाला लावून रडले. आमटीपायी रडणारी बाई मी पहिलीच असेन.

मग त्यानं जाहीर केलं. हॉटेलात आठवडाभर रानभाज्या करायच्या आणि त्या करायला वहिनींना बोलवायचं. उतरणार कुठे? आमच्याच घरी. नको म्हणायला तोंड कुठे होतं मला? माझ्या सख्ख्या भावाची बायको. वहिनी आली, पाल्याची पोती, कारळ्याची पुरचुंडी आणि माझ्यासाठी घरच्या तांदळाचे पापड घेऊन. वाईट असती तर किती बरं झालं असतं! मी उठायच्या आत भांडी घासून पालथी घालायची. "वन्सं, तुमी बसा की. कायम राबताय," म्हणायची. अशा माणसाचा द्वेष करायला फार कष्ट पडतात. मी ते घेतले.

पहाटे दोघं बाजाराला जायची. पुढे हा, मध्ये पोतं, मागे वहिनी डोक्यावरून पदर घट्ट धरून. मी खिडकीतून बघायची. त्या मागच्या सीटवर मी शेवटची कधी बसले होते ते मला आठवेना. समोरची बाई अंगण झाडता झाडता मला म्हणाली, "पावणी लई हुशार हाय की वो तुमची." मी म्हटलं, "व्हय, हायच की." आणि खिडकी लावून घेतली.

कुर्डू झाली, आळू झालं. भारंगी त्यानं राखून ठेवली होती रविवारसाठी, गर्दीच्या दिवसासाठी. त्या सकाळी मी घरी एका नवरीचे ब्लाउज घेऊन बसले होते. अकराच्या सुमाराला फोन वाजला. वहिनी. आवाज पार गेलेला.

"वन्सं, कडू जहर झालीया. काय करू वो? तुमी या की."

"पाणी काढलं न्हाईस?"

"दाजी म्हणाले पाणी फेकायचं न्हाई."

मला सगळं समजलं. त्याच्या हॉटेलात कुठल्याच भाजीचं पाणी फेकत नाहीत. भाजीचा जीव पाण्यात असतो, असं तो हाताखालच्या सगळ्यांना सांगतो आणि ते पाणी आमटीत घालतो. दोडक्याला ते ठीक. भारंगीला तोच नियम लावला आणि वहिनी दाजींसमोर, एवढ्या लोकांत, तोंड उघडायला लाजली. आणि आता दाजी दही आणायला रंकाळ्याच्या पलीकडे गेले होते. म्हशीचं, त्यांच्या ठरलेल्या गवळ्याकडचं. दुसरं कुठलं चालत नाही.

फोन ठेवल्यावर मी लगेच उठले नाही. एक ब्लाउज उचलला, त्याला एक टीप घातली. मला वाटलं, होऊ दे कडू. येऊ दे त्याला दही घेऊन, बसू दे वहिनीला पहिल्या ताटावर, खाऊ दे सगळ्या गावाला. जन्मात खाल्ली नव्हती ना? आता खा. असं वाटलं आणि फार बरं वाटलं. मग डोळ्यांपुढे आई आली, कपाळाला हात लावलेली. भारंगी तिची होती. मी चपला घातल्या.

हॉटेलच्या दाराशी फळा असतो. त्यावर खडूनं लिहिलं होतं, 'गगनबावड्याच्या वहिनींची भारंगी'. मी तिथंच थबकले. वहिनी शिरोळची. गगनबावडा माझा. भारंगी माझ्या आईची. आणि फळा वहिनींचा! आत जायची घाई नसती तर त्या फळ्यावर पाणी ओतलं असतं.

आत वहिनी कोपऱ्यात उभी होती, डोळे लाल. नशीब, पावटे वेगळे शिजवले होते आणि फोडणी पडली नव्हती. मी पदर खोचला. पातेलं मोरीवर नेऊन पाणी ओतून दिलं. हाताखालची माणसं बघत राहिली, मालकाच्या नियमाचं असं वाटोळं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पानं स्वच्छ फडक्यात घालून पिळली, वहिनीनं एक टोक धरलं, मी एक. परत उकडली, परत पिळली. जिभेवर ठेवून बघितली. आईची खूण लागली तेव्हा थांबले. लसूण, मिरची, पावटे, खोबरं. हात आपोआप चालत होते.

कारळ्याची पूड घालते तोच वहिनीनं वाटी पुढे केली. "वन्सं, गूळ?"

"कशाला?"

"मी घालतो की थोडा. आमच्याकडं सगळ्यातच पडतोय. दाजींना त्येच तर आवडलं."

असं होतं तर! जन्मात न खाल्लेली चव ती हीच. उसाच्या मुलखातली पोर माझ्या आईच्या भाजीत गूळ घालत होती आणि माझा नवरा त्याच्यावर भाळला होता. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात. आमच्या गाढवाला फक्त गुळाचीच चव. वहिनी वाटी धरून उभी होती. घातला असता तर काही बिघडलं नसतं. तो खूश झाला असता, वहिनीची लाज राहिली असती, मी मागच्या दारानं घरी जाऊन ब्लाउज संपवले असते.

"आईनं कधी घातला न्हवता," मी म्हटलं आणि वाटी बाजूला सारली.

तेवढ्यात स्कूटर वाजली. मी भांड्यांच्या फळीमागे सरकले. नवरा आत आला, दह्याचं मडकं ठेवलं आणि थेट पातेल्याकडे गेला. पळीनं थोडी भारंगी तळहातावर घेतली. फुंकर मारली. जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. वांग्यापुढे मिटतो तसे. लग्नानंतर पहिल्यांदा ह्या माणसाला माझ्या हातचं असं खाताना मी बघत होते.

डोळे उघडून तो म्हणाला, "वहिनी, आज गूळ न्हाई घातला व्हय?"

वहिनीनं गुळाची वाटी पदराआड केली.

"चांगली हाय," तो म्हणाला. "पर ही घरची झाली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फळीमागून बाहेर आले. "घरची म्हंजे?"

तो दचकला. माझ्याकडे बघितलं, माझ्या ओल्या हातांकडे, खोचलेल्या पदराकडे. मग सहज, काल काय वार होता ते सांगावं तसं म्हणाला, "घरची म्हंजे तुझी. तुझ्या हातची हाय ही."

"वळखली?"

"वळखायला काय झालं? दर पावसाळ्यात करतीस की, नाव तेवढं ठाऊक न्हवतं. लसूण ठेचतीस, चिरत न्हाईस. अन् कडू थोडं राखतीस."

मला तिथं, त्या गॅसच्या धगीत, काय झालं ते नीट सांगता येत नाही. इतक्या वर्षांच्या दहीभाताखालून त्यानं माझा लसूण ओळखला होता. आनंद झाला, खोटं नाही. आणि त्या आनंदापेक्षा मोठा राग आला. कळत नव्हतं म्हणून बोलला नसता तर मी त्याला माफ केलं असतं. याला सगळं कळत होतं!

"मग इतकी वर्षं काय तोंडाला कुलूप घातलंतं?" मी विचारलं. हाताखालची माणसं कांदे चिरायचं थांबली.

त्याला प्रश्नच कळला नाही. "इतकी वर्षं काय? जेवलो की!"

"अन् मीठ नसलेली आमटी?"

"ती बी जेवलो."

वहिनीला इतका वेळ दाबलेलं हसू आवरेना. मग ती पुढे झाली. आठवडाभर दाजींसमोर मान वर न करणारी ती बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "दाजी, भारंगी वन्संच्या रानातली. हात वन्संचा. मला वन्संनीच शिकीवली. पहिलं ताट कुणाचं मग?"

बाहेर गिऱ्हाइकं येऊ लागली होती. नवऱ्यानं ताट घेतलं, पुसलं, भाकरी ठेवली, भात ठेवला आणि भारंगी वाढली. दाराजवळच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि खुर्ची मागे ओढून माझ्याकडे बघितलं. मी हात पुसले आणि जाऊन बसले. शिरोळचा वांगीवाला बसतो तिथं, मुरगूडची म्हातारी बसते तिथं.

मी पहिला घास घेतला. भारंगी चांगली झाली होती. आई जिवंत असती तर काही बोलली नसती, म्हणजे तिला आवडली असती. नवरा समोर उभा होता, हातात पळी, नजर माझ्या तोंडावर. तीच नजर, निकाल लागायच्या वेळची.

"कशी झाल्या?" त्यानं विचारलं.

मी दह्याचं मडकं पुढे ओढलं. भातावर भारंगी ओतली, वर दही घातलं आणि कालवायला लागले.

"बोलू नका," मी म्हटलं. "जेवू द्या."

तो हलला नाही. गल्ल्यावरून कुणीतरी हाक मारली, तरी गेला नाही. समोरची खुर्ची ओढून बसला आणि वाट बघत राहिला. मी सावकाश जेवले.